बायोडायनॅमिक फेसाळ वाइन: बाटलीतली साखर कुणाच्या शेतातली?

ओलांडा (धागाकर्ता)

बायोडायनॅमिक पद्धतीने फेसाळ वाइन करणाऱ्या छोट्या घरगुती बागांचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला गायीचं शिंग येतं (या पद्धतीत ते शेण भरून जमिनीत पुरतात) आणि चर्चा तिथेच अडकते. एक गट भोंदूगिरी म्हणतो, दुसरा 'करून बघा' म्हणतो. या धाग्यापुरतं ते शिंग पुरलेलंच राहू द्या. मला विचारायचंय ते बाटलीबद्दल.

या पद्धतीचा जनक रुडॉल्फ स्टायनर याने जून १९२४ मध्ये कोबरवित्झला (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) शेतीवर आठ व्याख्यानं दिली. त्यांत ग्रहतारे बरेच आहेत, पण शेतकऱ्याच्या कामाची कल्पना एकच: शेत हा आपल्यापुरता पूर्ण असा जीव आहे, त्याला लागेल ते त्यातूनच निघावं. बाहेरून काही आणावंच लागलं तर ते आजारी शेताला दिलेलं औषध समजावं.

बिनफेसाची वाइन करणाऱ्याला हे पाळता येतं. द्राक्ष आपलं, यीस्ट सालीवर आणि तळघरात जे असेल ते, रस आंबला की वाइन झाली. फेसाळ वाइनचं तसं नाही. शॅम्पेनच्या पारंपरिक पद्धतीत आधी कोरडी (साखर न उरलेली), चांगली आंबट, साडेदहा-अकरा टक्के अल्कोहोलची वाइन करून घेतात. बाटल्या भरताना तीत लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि बूच लावतात. मग बाटलीतल्या बाटलीत दुसरं किण्वन होतं. वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्ये विरघळतो. साधारण ४ ग्रॅम साखरेला १ वातावरण दाब, असा हिशेब. म्हणजे २४ ग्रॅमना ६. यातला एकूण एक बुडबुडा विकतच्या साखरेचा असतो, बीटाच्या नाहीतर उसाच्या. यीस्ट पाकिटातलं.

म्हणजे वर्षभर कंपोस्ट करायचं, वनस्पतींचे काढे फवारायचे, ओळींत आच्छादन वाढवायचं, आणि ज्या गुणावरून वाइनला फेसाळ म्हणायचं तोच नेमका बाहेरून आणायचा. युरोपच्या सेंद्रिय नियमांना साखर प्रमाणित सेंद्रिय असली की पुरतं. ठीक आहे. पण 'सगळं आमच्याच शेतातलं' असं सांगणाऱ्या घराने काय करावं?

माझं मत आधीच देऊन टाकतो. शिंग कुणीही पुरेल. अशा बागेची परीक्षा त्या २४ ग्रॅमांत आहे. जाणकारांनी लिहावं.


शंकेखोर

शिंग पुरलेलं राहू द्या म्हणता, पण लोक जास्तीचे पैसे त्याचेच मोजतात ना साहेब? ५०० क्रमांकाचं मिश्रण म्हणजे शिंगात भरून हिवाळाभर जमिनीत ठेवलेलं शेण. ते हेक्टरी शंभरेक ग्रॅम घेऊन पाण्यात तासभर घुसळायचं, भोवरा झाला की दिशा उलटवायची. शंभर ग्रॅम, अख्ख्या हेक्टरला! ५०१ ची तर त्याहून मजा, दळलेली गारगोटी, तीही चिमूट-दोन चिमूट. याने काही होतं का, हे कुणी मोजलंय?


रसायनी

मोजलंय. जर्मनीत गायझेनहाइमला २००६ पासून रीस्लिंग द्राक्षाच्या एकाच बागेत तीन पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या आहेत: एकात्मिक (गरजेपुरती रसायनं वापरणारी), सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक. एकात्मिकच्या तुलनेत बाकीच्या दोन्हींत वेलीची वाढ आणि उत्पन्न कमी आलं. त्या दोघींत आपसांत मात्र म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे शिंगाचा असा वेगळा परिणाम पकडता आलेला नाही.

दुसरा, स्वित्झर्लंडमधला १९७८ पासूनचा प्रयोग. तो द्राक्षाचा नाही, फेरपालटीच्या पिकांचा आहे. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाफ्यांत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी, पण मातीतलं सूक्ष्मजीवांचं प्रमाण जास्त. माझा निष्कर्ष असा, की जो काही फायदा आहे तो कंपोस्टचा, आच्छादनाचा आणि तणनाशक न मारण्याचा.

राहिलं मारिया थुनचं कॅलेंडर, चंद्रावरून दिवस ठरवणारं: मुळाचे दिवस, पानाचे दिवस, फुलाचे, फळाचे. न्यूझीलंडमध्ये १९ वाइन-व्यावसायिकांना १२ पिनो न्वार वाइन फळदिवशी आणि मूळदिवशी चाखायला दिल्या, कुठली कुठली ते न सांगता. काही फरक पडला नाही. २०१७ मध्ये छापून आलंय.


ओलांडा

झालं, निघालं शिंग वर. रसायनी, सगळं मान्य, भांडण नाही. फक्त एवढंच, की या बागांतली वाइन चांगली निघते तेव्हा ती शिंगामुळे नाही असं म्हटलं तरी निघते ती निघतेच. पुढे चला.


तळघरवासी

मूळ प्रश्नाला उत्तर आहे. साखरेऐवजी द्राक्षाचाच रस घाला. बाटल्या भरताना घालायच्या द्रावणाला टिराज म्हणतात. युरोपच्या नियमांत त्यासाठी साखर चालते तसा ताजा रस, आंबता रस, आटवलेला रस हेही चालतात. इटलीत फ्रांचाकोर्ता भागातली काही छोटी घरं असंच करतात, टिराजलाही रस आणि शेवटी गोडी आणायची असेल तर तिथेही रसच.

गणित करून बघू. रसात लिटरला २०० ग्रॅम साखर धरा. मिश्रणात २४ ग्रॅम हवेत, तर एका लिटरमध्ये १२० मिली रस आणि ८८० मिली वाइन. हजार बाटल्या म्हणजे ७५० लिटर, त्याला ९० लिटर रस. छोट्या घराला हे अवघड नाही.

खरी गंमत अल्कोहोलची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कोरडी साखर घातली की २४ ग्रॅमना साधारण १.४ टक्के अल्कोहोल वाढतं. म्हणून मूळ वाइन हलकी ठेवावी लागते, म्हणून द्राक्ष लवकर तोडावं लागतं, म्हणून ते हिरवट असतं, आणि तो हिरवटपणा झाकायला शेवटी पुन्हा साखर! रस घातला तर त्याच्याबरोबर त्याचं पाणीही येतं. ११ टक्क्यांच्या वाइनमध्ये वरच्या प्रमाणात रस घातलात तर सगळं आंबून झाल्यावर अल्कोहोल अकराच्या आसपासच राहतं. म्हणजे घड वेलीवर आणखी पिकू देता येतात आणि शेवटची साखर टाळता येते. स्वयंपूर्णता वगैरे ठीक आहे, पण मी ही पद्धत धरेन ती या कारणासाठी.

अडचण रस मिळण्याची. सुगी वर्षातून एकदा. मूळ वाइन हिवाळ्यात-वसंतात तयार होते तेव्हा ताजा रस कुठून आणणार? एक उपाय, सुगीतलाच रस गोठवून ठेवायचा; त्याला शीतगृह आणि वीज लागते. दुसरा, वाइन पिंपात तशीच पुढच्या सुगीपर्यंत थांबवायची आणि नव्या हंगामाच्या आंबत्या रसाने बाटल्या भरायच्या. मला दुसरा आवडतो. वाइनला गाळावर (तळाशी बसलेल्या यीस्टवर) जवळपास वर्ष मिळतं, आणि रस आंबता असल्यामुळे यीस्टही त्यातच आलं.


वाचनमात्र

पण मग लेबलावरचं साल कुठलं? वाइन एका वर्षाची, रस दुसऱ्या वर्षाचा.


तळघरवासी

वाइनचं. युरोपच्या सर्वसाधारण नियमानुसार ८५ टक्के द्राक्ष त्या सालाचं लागतं आणि टिराजचं द्रावण त्या हिशेबात धरतच नाहीत. एखाद्या भागाचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी बघायचं.


शंकेखोर

बरं, साखरेचं पटलं. यीस्टचं नाही. रानटी यीस्टला बाटलीत कोंडायचं आणि देवावर हवाला ठेवायचा?


तळघरवासी

शंका रास्त आहे. पहिल्या किण्वनात यीस्टला सगळं मिळतं, साखर भरपूर, अन्न भरपूर, सुरुवातीला अल्कोहोल शून्य. दुसऱ्या वेळी तिला थेट अकरा टक्के अल्कोहोलमध्ये टाकता. पीएच ३ ते ३.२, तळघर ११-१२ अंशांचं, नायट्रोजन आधीच्या खेपेत खाऊन संपलेला, आणि वरून दाब दिवसेंदिवस वाढत जाणारा. अशात काम पुरं करायला सहा-आठ आठवडे लागतात. मधेच दमली तर बाटली अर्धवट गोड आणि अर्धवट फेसाची राहते. वाईट म्हणजे सगळ्या बाटल्या एकाच ठिकाणी दमत नाहीत. शेजारशेजारच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या वाइन निघतात.

म्हणून देवावर हवाला कुणी ठेवत नाही. सुगीच्या सुरुवातीला थोडे घड आधी तोडून त्यांचा रस आंबवतात, विरजण लावावं तसा. चारपाच वेगळी विरजणं लावायची, वास घेऊन बिघडलेली फेकायची, उरलेल्यातल्या चांगल्याला थोडी थोडी वाइन पाजत अल्कोहोलची सवय लावायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. मिलिलिटरमागे दहा-पंधरा लाख जिवंत पेशी असल्याशिवाय बाटली भरू नये. 'नैसर्गिक' म्हणजे काही न करणं अशी समजूत असणाऱ्यांनी त्या आठवड्यात तळघरात येऊन उभं राहावं.

रसाचा इथेही फायदा आहे. साखरेसोबत नुसती गोडी येते, रसासोबत थोडा नायट्रोजनही येतो.


वाचनमात्र

भाबडा प्रश्न. पहिलंच किण्वन संपत आलेलं असताना, थोडी साखर शिल्लक असतानाच बाटली बंद केली तर? ना दुसरी साखर, ना दुसरं यीस्ट.


तळघरवासी

भाबडा अजिबात नाही, सगळ्यात जुनी पद्धत तीच. दक्षिण फ्रान्समधल्या लिमूला तिचा मान देतात, सेंट-इलेरच्या मठातली १५३१ ची गोष्ट सांगतात. आजचं 'पेत-नात' तेच. ल्वार खोऱ्यातल्या माँलुईने तर २००७ पासून 'पेतियाँ ओरिजिनेल' असं वेगळं नाव नियमांत बसवून घेतलंय. शेतातून बाहेरचं काही न आणता बुडबुडे हवे असतील तर याहून सरळ वाट नाही.

पण वाट सरळ असली तरी अरुंद आहे. लिटरला १० ग्रॅम साखर उरली असताना बाटली भरली तर अडीच वातावरणं, २० ला पाच, आणि ३० ग्रॅमना भरून सगळी आंबली तर बाटली फुटायची वेळ. किण्वन जोरात असेल तर १० आणि २० मधलं अंतर एका दिवसात कापलं जातं. रात्री दोनला ती वेळ आली तर रात्री दोनला बाटल्या भरायच्या, तेही ऐन सुगीत, जेव्हा बाहेर तोडणी चालू आहे.

आणि हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीवर) डोळे झाकून विसंबू नका. १.००० दाखवला म्हणजे साखर संपली असं होत नाही. अल्कोहोल पाण्याहून हलकं, त्यामुळे अकरा टक्क्यांची पूर्ण कोरडी वाइन ०.९९३ च्या आसपास बसते. १.००० ला अजून चांगली १२-१५ ग्रॅम साखर असू शकते. साखर थेट मोजा.


मोरचूद

बागेचंही कुणी बोला. फेसाळ वाइनचा घड साध्या वाइनच्या आधी उतरतो, त्यामुळे शेवटच्या पावसातली कूज बऱ्याचदा चुकते. हे महत्त्वाचं आहे, कारण करड्या बुरशीने (बोट्रायटिस) धरलेल्या मण्यांचा रस आला तर चव जाते ती जातेच, पण ज्या प्रथिनांवर फेस टिकतो ती ही बुरशी तोडते. बिनफेसाच्या वाइनला थोडी कूज खपून जाते, इथे नाही. म्हणून तोडणी हाताने, टेबलावर निवड आणि घड अख्खे दाबायचे. तळघरवासी म्हणतात तसं द्राक्ष जास्त पिकू द्यायचं तर हा धोका परत अंगावर घ्यायचा, हे लक्षात ठेवा.

दुसरं तांबं. सेंद्रिय असो की बायोडायनॅमिक, डाऊनीवर (केवडा रोगावर) शेवटी बोर्डोच, म्हणजे मोरचूद आणि चुना. युरोपात ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे, सरासरी ४ किलो. बायोडायनॅमिक प्रमाणपत्र देणाऱ्या डिमीटर संस्थेची त्याहून कडक, ३ किलो. ओल्या वर्षी एवढ्यात बाग वाचवणं म्हणजे दर पावसाआधी फवारा आणि पाऊस झाला की पुन्हा फवारा, थोडं थोडं करून. भुरीला गंधक. हे सगळं विकतचंच असतं बरं का. ओलांडा, तुमच्या २४ ग्रॅमांच्या आधी हे किलो मोजा.


ओलांडा

मोरचूद, हा मुद्दा लागला. पण स्टायनरच्याच शब्दांत, ते औषध म्हणून आणलेलं आहे, आणि डाऊनी हा आजारच आहे. साखर कुठल्या आजारावर?


मोरचूद

:) बरं.


नाकपुडी

सल्फाइटचा (वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाच्या संयुगाचा) विषय अजून आला नाही याचं आश्चर्य वाटतंय. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेथोद नात्यूर' अशी सनद आहे: प्रमाणित सेंद्रिय द्राक्ष, हाताने तोडणी, स्थानिक यीस्ट; आणि सल्फाइट एकतर घातलेलं नाही किंवा लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत.

फेसाळ वाइनला सल्फाइटशिवाय राहणं साध्या पांढऱ्या वाइनपेक्षा सोपं जातं असं माझं निरीक्षण आहे. आम्लता जास्त, बाटलीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला, आणि तळाचा यीस्टचा गाळ आत शिरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. जोवर गाळ आत आहे तोवर वाइन सुरक्षित. धोका शेवटी तो गाळ बाटलीतून काढताना. बाटली उघडली की हवा आत जाते. तिथे एक साधी युक्ती आहे: बूच लावायच्या आधी वाइनचा बारीकसा थेंब जोरात आत मारायचा, फेस उसळून वर येतो आणि मानेतली हवा ढकलून देतो, त्याच क्षणी बूच. यंत्र छोटं असतं आणि सल्फाइटचं निम्मं काम करतं.

एक दोष मात्र फेसाळपणाने झाकला जात नाही: उंदीरवास. सल्फाइट नसलेल्या वाइनमध्ये लॅक्टिक जीवाणू किंवा ब्रेटानोमायसिस यीस्ट तो करतात. फसवा आहे, कारण वाइनच्या आम्लतेत तो उडत नाही, पेल्यात नाक घातलं तर काहीच कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने आम्लता उतरते आणि मग दोन-चार सेकंदांनी मागून येतो. काही जणांना तो जाणवतच नाही. अशी माणसं तळघर चालवत असतील तर आनंदच. घरात ज्याला हा वास येतो त्याच्याकडून प्रत्येक पिंप चाखून घ्यावं, मग तो घरातला सगळ्यात धाकटा का असेना.


जमाखर्च

सगळे रसायनात रमलेत. घरगुती बागेचा जीव अडकतो तो वेळेत. शॅम्पेनच्या नियमानुसार बिनसालाची बाटलीही भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात, साल लिहायचं तर ३ वर्षं. तळघरवासींच्या पद्धतीत त्याच्या आधी आणखी एक वर्ष पिंपात. म्हणजे आज छाटलेल्या काडीचे पैसे चार-पाच वर्षांनी. तोवर छाटणी, फवारणी, तोडणीची मजुरी आणि बाटल्या सगळं खिशातून. पेत-नात याच कारणाने इतकी पसरली असं मला वाटतं. सुगीनंतर काही महिन्यांत ती विकता येते. तत्त्वज्ञान नंतर चिकटवलेलं आहे.

तरी टिकलेली घरं आहेत. शॅम्पेनच्या दक्षिण टोकाला कूर्तरों गावातल्या फ्लरी कुटुंबाने १९८९ मध्ये बायोडायनॅमिक सुरू केलं, त्या भागातलं पहिलं. स्पेनमध्ये पेनेदेसमधल्या रेकारेदो या घराने डिमीटर प्रमाणपत्र घेतलं. पुढे २०१९ मध्ये ते आणि आणखी काही घरं स्पेनच्या फेसाळ वाइनचं 'कावा' हे नाव सोडून 'कोर्पिनात' या स्वतःच्या नावाखाली गेली. त्यांची अट: शंभर टक्के सेंद्रिय, हाताने तोडलेलं द्राक्ष, वाइन स्वतःच्याच तळघरात केलेली आणि किमान १८ महिने गाळावर. ही घरं लहान असली तरी काल सुरू झालेली नाहीत. जुन्या पिढीने भरून ठेवलेलं तळघर हेच त्यांचं भांडवल. नव्या माणसाने यांच्याकडे बघून हिशेब मांडू नये.

नव्याने सुरू करणाऱ्याला माझा सल्ला: निम्मी द्राक्षं विका किंवा त्यांची साधी वाइन करून वर्षभरात बाहेर काढा, उरलेली फेसाळला. बाटल्या फिरवायचं आणि गाळ काढायचं यंत्र घेऊ नका. ते काम करून देणारे लोक वाइनच्या प्रदेशांत असतात.


शंकेखोर

चला, शिंगापेक्षा ही चर्चा बरी निघाली. ओलांडा, तुम्ही स्वतः काय कराल?


ओलांडा

रस. नव्या सुगीचा, आंबता. पण एक गोष्ट तळघरवासींनी सांगितली नाही, ती विचारतो. मूळ वाइनमधलं मॅलिक आम्ल वर्षभरात जीवाणूंनी लॅक्टिकमध्ये बदललेलं असणार. नव्या रसाबरोबर ताजं मॅलिक पुन्हा आत येणार. मग तोच बदल बाटलीत झाला तर?


तळघरवासी

होऊ शकतो. १२ टक्के रसातून येणारं मॅलिक थोडंच असतं, त्याच्या बदलातून सुटणारा वायूही थोडाच, त्यामुळे दाबात फारसा फरक पडत नाही. त्रास गाळाचा होतो. जीवाणूंचा गाळ यीस्टपेक्षा बारीक आणि चिकट, बाटली हळूहळू पालथी करत आणली तरी तो मानेत उतरत नाही, काचेला धरून बसतो. वरून रसातलं पेक्टिन आणि प्रथिनं असतातच. म्हणून रस आधी थंडीत रात्रभर निवळून घ्यायचा आणि वरचा स्वच्छ भागच वापरायचा. तरी काही बाटल्या धुरकट राहतील.

इटलीतल्या प्रोसेक्को भागात यावर जुना तोडगा आहे, 'कोल फोंदो', म्हणजे गाळ काढायचाच नाही. दाब कमी ठेवायचा, पत्र्याचं बूच लावायचं आणि गाळासकट विकायचं. छोट्या घराला यंत्राचा खर्चही वाचतो आणि बाटली उघडावी न लागल्याने नाकपुडी यांनी सांगितलेला हवेचा धोकाही.


वाचनमात्र

मग पिताना बाटली हलवून गाळ मिसळायचा की तळाशी राहू द्यायचा?


नाकपुडी

आधी बाटली दोन दिवस उभी ठेवा, चांगली गार करा. पहिले पेले न हलवता ओता, स्वच्छ चव कळते. शेवटचा तिसरा हिस्सा उरला की बाटली आडवी करून हळूच गोल फिरवा आणि गढूळ ओता. गार न करता हलवलीत तर अर्धी टेबलावर.